चाळीसाचे शंभर करा म्हणे!

माजी सचिव, राजारामपुरी
कोल्हापुरातल्या आमच्या समाजसेवी क्लबच्या नव्या अध्यक्षांची पोस्ट सकाळपासून फिरतेय. 'नेतृत्व म्हणजे वाढ. आज आपण ४०, पुढच्या जूनपर्यंत १००. प्रत्येकाने दोन नवे सभासद आणावेत.' खाली टाळ्यांची रांग. म्हटलं गप्प बसावं, पण दुसरा चहा झाला तरी डोकं शांत होईना.

साहेब, शंभर आपण एकदा करून बघितलेत. मीच सचिव होतो, म्हणून हिशोब पाठ आहे. मेव्हणे, भाडेकरू, दुकानातला दिवाणजी, दिसेल त्याला सभासदाची पिन लावली. निम्म्यांची वर्गणी अध्यक्षांनीच खिशातून भरली. १ जुलैला अध्यक्षपदाची कॉलर दुसऱ्याच्या गळ्यात गेली आणि ही मंडळी एकेक करून गळाली. वाढीबद्दलची ट्रॉफी तेवढी कपाटात राहिली.

आता वाढ कशाला म्हणायचं ते बघा. करवीर तालुक्यातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात आपल्याच क्लबने दिलेली पाणी शुद्ध करायची तीन यंत्रं भिंतीला ओळीनं आहेत. तीन वर्षं, तीन अध्यक्ष, तीन संगमरवरी पाट्या. गेल्या महिन्यात जाऊन आलो. एकाचा नळ गेलाय, दुसऱ्याची पाणी गाळायची कँडल शेवाळून हिरवीगार, तिसऱ्याला वीजच जोडलेली नाही. पोरं बोअरचं पाणी पितात. वेळेवर कँडल बदलली असती तर पुढचं यंत्र लागलंच नसतं. पण कँडलवर नाव कोरता येत नाही ना!

उद्यमनगर
सर, तुमच्याविषयी आदर आहे, पण दरवर्षी पदग्रहण जवळ आलं की तुमचं हे सुरू होतं. माणसं नकोत, तर पैसा कुठून आणायचा? वरच्या संघटनेची वर्गणी भरून झाल्यावर ४० जणांच्या क्लबकडे हॉलच्या भाड्यापुरतं उरतं. आपलं सरासरी वय काढा एकदा. दहा वर्षांनी क्लब कोण चालवणार, ती ट्रॉफी?

आणि अध्यक्ष दरवर्षी बदलतो हेच बरं आहे. एकदा खुर्चीला चिकटले की नातवंडं कॉलेजात गेली तरी न उठणारे चेअरमन आपल्याकडे कमी आहेत का? वर्षभराच्या अध्यक्षाकडून काम होत नाही म्हणता, मग रोटरीवाल्यांनी १९८५ ला पोलिओ हातात घेतला तो कसा तडीस गेला? भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा, मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तेवढ्यात किती अध्यक्ष झाले, मोजा.

माजी सचिव, राजारामपुरी
मोजले. अध्यक्ष बदलले, काम बदललं नाही. मी दुसरं काय म्हणतोय? तिथे नव्या अध्यक्षाला 'यंदा पोलिओ नको, झुंबा घेऊ' म्हणायची सोय नव्हती. आपल्याकडे आहे. शाहू महाराजांनी १९०१ ला मराठा बोर्डिंग काढलं तेव्हा नुसती कोनशिला बसवून घरी गेले नाहीत, पुढच्या खर्चाचीही तजवीज करून दिली.

उद्यमनगर
घ्या, आले महाराज मध्ये. आता आम्ही काय बोलायचं!

तालमीतला, शिवाजी पेठ
चालू द्या तुमचं एसीत बसून. २०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाची धोका पातळी ओलांडून कुठल्या कुठं गेली, तवा कॉलरवाला एकबी दिसला न्हाई. आमची पोरं छातीएवढ्या पाण्यातनं म्हाताऱ्यांस्नी पाठुंगळी आणत हुती. तालमीचा अध्यक्ष कोण, हे निम्म्यांना ठावंबी नव्हतं. पाणी उतरल्यावर तुमचे टेम्पो आले. पुढं बॅनर, मागं टेम्पो. आत काय? जुनी कापडं!

ताराबाई पार्क
सरसकट बोलू नका. मी स्वतः चार पोती कपडे धुऊन, इस्त्री करून दिले होते.

आंबेवाडी
दादा, तुमचे इस्त्रीचे असतील. आमच्या घरी काय आलं ते सांगते. एका गाठोड्यात नुसते ब्लाउज, साडी एकही नाही. दुसऱ्यात लग्नातली शेरवानी. माझ्या सासऱ्यांनी ती शेरवानी घालून गोठ्यातला चिखल उपसला, कारण अंगावर चढवायला दुसरं कोरडं काहीच नव्हतं. हाताला जर टोचतेय म्हणून बाह्या दुमडून घेतल्या होत्या. उरलेला ढीग शाळेच्या मैदानावर कुजला, तो उचलायचं काम परत आमच्याच गळ्यात. आम्हाला पाहिजे होते खराटे, फावडी, फिनेल, शेगडीचे बर्नर, म्हशींना वैरण. आणि पॅड. बॅनर धरून उभ्या असलेल्या काकांकडे मी पॅड मागू?

ताराबाई पार्क
म्हणजे देणाराच चोर! पुढच्या पुरात देणारच नाही.

आंबेवाडी
नका देऊ. निघायच्या आधी एक फोन करा एवढंच म्हणतेय, तर रुसताय.

तालमीतला, शिवाजी पेठ
वहिनी, शेरवानी! नाद खुळा!! पण टेम्पोवाल्यांनी बिस्किटाचे पुडेबी मुदत संपल्यालं…

सभासद क्रमांक ४१
पॅडचं वाचलं आणि राहवलं नाही. लायन्सनी १९८७ ला आणि रोटरीनं १९८९ ला बायकांना दार उघडलं. आमच्या क्लबात औक्षणाचं तबक अजून माझ्याच हातात. मी सीए आहे हो. हिशोबाला बसवायचं सोडून मला रांगोळीला बसवतात. माझ्या नवऱ्यानं कधी क्लबची पायरी चढलेली नाही, तरी यंदाच्या पुस्तिकेत माझं नाव सभासदांत नाही, 'सौभाग्यवतीं'त छापलंय!

आणि वाढीचंच बोलायचं तर, क्लबच्या ट्रस्टवरची माणसं बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. आपण तीन वर्षं दिलेला नाही. कागदावर अजून जुनेच विश्वस्त आहेत. बँकेत सह्या कुणाच्या चालतात ते खजिनदारांना विचारा.

उद्यमनगर
मॅडम, हे इथे चव्हाट्यावर मांडायची गरज होती का?

सभासद क्रमांक ४१
सभेत तीनदा मांडलं. इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच आलं. जेवणाचा मेनू मात्र सविस्तर होता.

तालमीतला, शिवाजी पेठ
ताई, तुमी आमच्या तालमीचा जमाखर्च बगाच एकदा. पोरं वर्गणीचं पुस्तक हरवून बसल्यात.

बरं, एक कबूल करतो, उगं खोटं कशाला बोलू. त्या टेम्पोंच्या मागनं एक डॉक्टरीणबाई आल्त्या. गुडघ्याएवढे गमबूट, गळ्यात पिशवी, घरोघरी लेप्टोच्या तापावरच्या गोळ्या देत हुत्या. बॅनर न्हाई, फोटूवाला न्हाई. कुठल्या क्लबच्या म्हणून इचारलं तर म्हणाल्या, 'आधी गोळी गिळा.'

उद्यमनगर
आमच्याच त्या! आणि सचिवसाहेब, कुठल्या भरतीतल्या ते सांगा की. शंभर केले त्याच वर्षीच्या ना? आकडा वाढवला नसता तर आल्या असत्या का?

माजी सचिव, राजारामपुरी
त्याच वर्षीच्या. मान्य. साठांत एक निघाली, बाकीच्या एकोणसाठांना वर्षभर जेवू घातलं, तेही लिहा.

सभासद क्रमांक ४१
मग आता कुठे असतात त्या? मी आल्यापासून एकदाही दिसल्या नाहीत.

माजी सचिव, राजारामपुरी
सभेला हजेरी भरत नव्हती. संध्याकाळची ओपीडी असायची. नियमाप्रमाणे नोटीस गेली, त्यांनी उलट टपाली राजीनामा पाठवला. नोटिशीवर सही माझी आहे.

उद्यमनगर
वा! म्हणजे गळती कुठे होते ते कळलं.

माजी सचिव, राजारामपुरी
हसा. पण कँडल अजून हिरवीच आहे.

तालमीतला, शिवाजी पेठ
शाळा कुठली ते फोनवर सांगा. नळाचं काम करणारं पोरगं हाय आमच्यात.

उद्यमनगर
कँडल मी घेऊन येतो. शनिवारी चालेल? शंभराचं आपण जुलैत बघू, मी काही माघार घेतलेली नाही.

माजी सचिव, राजारामपुरी
शनिवारी सकाळची शाळा असते. साडेनऊपर्यंत या. मीटरच्या खोलीची किल्ली शिपायाकडे असते आणि शाळा सुटली की तो थांबत नाही.

ताराबाई पार्क
माझे कपडे इस्त्रीचेच होते. एवढी नोंद असू द्या.