मालिकेचं संवादलेखन पोटापाण्यासाठी धरावं का?

माहीमकर (धागा सुरू करताना)

मास मीडियाची पदवी घेतलेली, एकांकिका लिहिणारी मुलं-मुली एकच प्रश्न घेऊन येतात: "मराठी मालिकेचे संवाद लिहायची संधी आली आहे, एपिसोडमागे अमुक रुपये म्हणतायत, नोकरी सोडू का?" माझं स्पष्ट मत आहे, सोडू नका. त्यामागचा हिशेब मांडतो. पटला नाही तर खोडून काढा, पण आकड्यांनी काढा.

सोयीसाठी दर एपिसोडला ३००० रुपये धरू. हा बाजारभाव नाही, फक्त उदाहरण आहे. सोमवार ते शनिवार मालिका म्हणजे महिन्याला साधारण २६ एपिसोड, म्हणजे ७८,००० रुपये. मुलं इथेच खूश होतात.

आता पुढचं बघा. यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो, हातात येतात ७०,२००. आपल्या धंद्यात ९० दिवसांचं क्रेडिट सर्रास चालतं. १ जानेवारीला लिहायला बसलात, ३१ जानेवारीला बिल लावलंत, तर पैसे येणार १ मे रोजी. चार महिने भाडं, रिक्षा, डबा, घरी पाठवायचे पैसे, सगळं स्वतःच्या खिशातून. मालिका आठ महिन्यांत गुंडाळली तर वर्षाची कमाई ६,२४,००० रुपये, म्हणजे महिन्याला सरासरी ५२,०००. तीही पुढचे चार महिने बिनकामाचे जातील हे मान्य करून.

त्यात सुट्टी नाही, पीएफ नाही, आजारपणाची सोय नाही. सण आला की महाएपिसोड, म्हणजे काम दुप्पट. ज्याच्या घरातून मदत होऊ शकत नाही अशा मुलानं नोकरी सोडून यात उडी मारणं मला धोक्याचं वाटतं.

कोथरूडकर

माहीमकर, बेरीज बरोबर आहे, पण तुम्ही ती अर्ध्यातच थांबवलीत.

पहिली गोष्ट, टीडीएस हा खर्च नाही. वर्षाला ६,२४,००० मिळवणाऱ्याला नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी कर लागतच नाही, १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सूट आहे. विवरणपत्र भरलं की कापलेले ६२,४०० परत येतात. फक्त पॅन बरोबर दिलाय ना आणि कापलेला कर आपल्या नावावर दिसतोय ना, हे दर तिमाहीला तपासायचं. निर्मात्याच्या अकाउंटंटनं कर कापला आणि भरलाच नाही, असं होतं, आणि ते वेळेत कळलं तरच निस्तरता येतं.

दुसरं, ९० दिवसांची झळ एकदाच बसते. मे महिन्यापासून दर महिन्याला मागचे पैसे येत राहतात. मालिका ३१ ऑगस्टला संपली तरी शेवटच्या बिलाचे पैसे २९ नोव्हेंबरला येतात. बिनकामाच्या ज्या चार महिन्यांची भीती तुम्ही घालताय, त्यातले तीन त्या उशिरा आलेल्या पैशांवर निघतात. सुरुवातीला चार महिन्यांचा खर्च गाठीला हवा, एवढीच अट आहे. ती जुळवणं कठीण आहे, अशक्य नाही.

आणि तुलना कशाशी करताय? मराठीत लिहून पगार मिळेल अशा जागा किती उरल्यात? डिजिटल डेस्कवर दिवसाला बातम्यांचा रतीब घालायचा, शिफ्ट रात्रीची, कंत्राट वर्षाचं, आणि पाच वर्षांनी त्याच खुर्चीत. संवादलेखकाचं नाव रोज पडद्यावर जातं. पहिली मालिका धड चालली की दुसरीला दर वाढवून मागता येतो. डेस्कवरच्या माणसाला ही सोय नाही.

जमाखर्च

कोथरूडकर, "शेवटचे तीन महिने पैसे येत राहतात" हे निर्माता उभा असेल तरच खरं.

पैसा वरून खाली कसा येतो ते बघा. चॅनल निर्मात्याला देतं, निर्माता पुढे वाटतो. मालिका चालू असताना कलाकाराचे पैसे थकले तर तो सेटवर येत नाही, शूटिंग थांबतं. लाइट, कॅमेरा भाड्यानं देणारा सामान उचलून नेतो. लेखकाकडे असं हत्यार चालू मालिकेतच असतं, आणि तेही दुबळं, कारण दुसरा लेखक उभा असतोच. मालिका बंद झाली की तेही जातं. म्हणून सगळ्यात जास्त बुडतात ती शेवटच्या दोन-तीन महिन्यांची बिलं, म्हणजे नेमकी तीच, ज्यांच्यावर तुम्ही लेखकाला तीन महिने जगवताय.

दुसरा मुद्दा, बिल कशाचं लावायचं? करारात "प्रसारित एपिसोडमागे" असं लिहिलेलं असतं आणि नवखा माणूस सही करून मोकळा होतो. आठ-दहा एपिसोड पुढचे लिहून तयार असतात. गुरुवारी टीआरपी येतो, चॅनल म्हणतं हा ट्रॅक चालत नाही, नायिकेचं बाळंतपण नको, सासूचं आजारपण घ्या. लिहिलेले सहा एपिसोड केराच्या टोपलीत. नवीन सहा लिहायचे, पैसे सहाचेच. म्हणजे ३००० चा दर त्या आठवड्यापुरता १५०० झाला.

शाईपेन

जमाखर्च यांनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय. पण यावर उपाय आहे, आणि तो लोक वापरत नाहीत म्हणून तळमळ होते. सविस्तर लिहिते.

सूक्ष्म-लघु उद्योगांचा २००६ चा कायदा सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही लागू होतो. उद्यम या सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन घेऊन नोंदणी करायची. फी शून्य आहे, पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांकडे फिरकू नका. प्रकार "सेवा" निवडायचा, व्यवसायाचा गट ९०, म्हणजे सर्जनशील, कला आणि मनोरंजनाचा. नोंदणी करारावर सही करायच्या आधी झालेली हवी. नंतर केलेली वादात अडकते.

एवढं झालं की ग्राहकानं, म्हणजे निर्मात्यानं, काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. करारात ९० दिवस लिहिलेले असले तरी मुदत ४५ च्या पुढे जात नाही. करारात मुदतच नसेल तर १५ दिवस. त्यापुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं.

"काम कधी स्वीकारलं" यावर पुढे भांडण होतं, त्याचंही उत्तर कायद्यात आहे. काम पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते स्वीकारलं असं धरतात. म्हणून एपिसोड फक्त व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकून गप्प बसू नका. तिथे टाका, पण त्याच वेळी ईमेल करा. विषयाच्या ओळीत मालिकेचं नाव, एपिसोड १४७, संवाद, ड्राफ्ट २, तारीख. मेल ईपीला (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरला), प्रत प्रॉडक्शन अकाउंट्सला. बदल सुचवले गेले तर "तुमच्या फोनवरील सूचनेनुसार ड्राफ्ट ३" असं मेलमध्येच लिहा. सहा एपिसोड केरात गेले तर किती ड्राफ्ट लिहिले याचा पुरावा तुमच्याकडे राहतो.

माहीमकर

शाईपेन, कायदा मला मान्य आहे. पण पैसे थकल्याची तक्रार सरकारी पोर्टलवर टाकणारा लेखक पुढची मालिका कुठून आणणार? मराठीत रोजच्या मालिका बनवणाऱ्या निर्मितीसंस्था मोजक्याच आहेत. क्रिएटिव्ह आणि ईपी इकडून तिकडे जातात, फोनाफोनी होते. कागदावरचा हक्क बाविशीतल्या मुलाला वापरता येणार नसेल तर त्याच्या भरवशावर त्याला नोकरी सोडायला सांगणं बरं नाही.

शाईपेन

तक्रार ही शेवटची पायरी आहे. त्याआधी एक पायरी आहे जिथे भांडण लागतच नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च उत्पन्नातून वजा दाखवता येत नाही, पैसे दिले त्याच वर्षी दाखवता येतो. १ एप्रिल २०२४ पासून ही तरतूद आहे. निर्मात्याला नसली तरी त्याच्या सीएला याची धास्ती असते. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असेल तर मार्चच्या आधी अकाउंट्सकडून आपणहून फोन येण्याची शक्यता वाढते. हे मागायला हिंमत लागत नाही, फक्त बिलाचा नमुना बदलावा लागतो.

आणि एकट्यानं भांडायचं नसेल तर मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनची तंटा निवारण समिती आहे. मराठीत लिहिणाऱ्यांनाही सदस्यत्व घेता येतं. कथा ऐकवायला जाण्याआधी तिथे ती नोंदवून ठेवता येते, हा वेगळा फायदा.

तळटीप

सगळे पैशाबद्दल बोलतायत, काम कुणाचं टिकतं याबद्दल कुणीच नाही. दर आणि मुदत नंतर येतात. काम टिकलं नाही तर या हिशेबाला अर्थ नाही.

नव्या लेखकाला वाटतं संवाद खटकेबाज हवेत. ते हवेतच. पण तिसऱ्या आठवड्यात त्याला काढतात ते वेगळ्याच कारणानं. त्यानं सहा जणांचा जेवणाचा सीन लिहिलेला असतो, आणि त्या दिवशी सहापैकी दोघांच्या तारखाच नसतात. किंवा एका एपिसोडमध्ये हॉल, अंगण, ऑफिस, हॉस्पिटल, देऊळ अशी पाच लोकेशनं. प्रत्येक ठिकाणी लायटिंग नव्यानं करायचं, दिवसाला जेवढं फूटेज काढायचं ते निघत नाही. बावीस मिनिटांच्या एपिसोडमध्ये आठ-दहा सीन असतील तर त्यातले निम्म्याहून जास्त एका लोकेशनवर बसवता आले पाहिजेत.

म्हणून लिहायला बसण्याआधी शेड्युलरला विचारायचं: उद्या-परवा कोण आहे, कुणाचा कॉल टाइम (सेटवर हजर व्हायची वेळ) किती, कोण चारला सुटणार? चारला सुटणारी आजी सीनच्या पहिल्या पानावर बोलून आत जाते असं लिहिलं की तिचं काम तासाभरात संपतं, बाकीचा सीन तिच्याशिवाय पुढे जातो. कुणी आयत्या वेळी आलंच नाही तर त्याची वाक्यं दुसऱ्या कोणाच्या तोंडी जातील अशी सोय सीनमध्ये ठेवायची. माहितीचं वाक्य एकाच पात्रावर टांगून ठेवायचं नाही. हे ज्याला जमतं त्याला निर्माता सोडत नाही, आणि दर वाढवून देतो, कारण त्यामुळे वाचणारी अर्धी शिफ्ट लेखकाच्या महिन्याच्या मानधनाहून महाग पडू शकते. हे कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवताना मी पाहिलेलं नाही, आणि शिकवायला हवं.

म्हणून माझं उत्तर माहीमकरांपेक्षा वेगळं आहे. आधी सहायक म्हणून सेटवर सहा महिने काढा. सातत्य, म्हणजे एका सीनमधून दुसऱ्यात कपडे, वस्तू, वेळ जुळतात ना, ते सांभाळा, सीन पोचवा. मग संवाद.

कोथरूडकर

सहायक म्हणून सेटवर बसणं उत्तम, पण ते बारा तासांचं काम. नोकरी सांभाळून होत नाही. म्हणजे माहीमकरांचा प्रश्न तिथेच राहिला.

नोकरी न सोडता शिरायचं तर एक वाट आहे. बऱ्याच मालिकांना दोन संवादलेखक असतात, एपिसोड वाटून घेतात. महिन्याला तेरा-चौदा एपिसोड, दिवसाआड एक. रात्री पटकथा हातात येते, सकाळी संवाद द्यायचे. चार महिने झोपेचं खोबरं होतं, पण पगार चालू असतो आणि १ मेपर्यंतची खिंड लढवता येते. त्यानंतर ठरवा. नोकरीच्या करारात बाहेरचं काम करायला मनाई आहे का, तेवढं आधी वाचा.

जमाखर्च

हक्कांबद्दल एक राहिलं. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहाबाहेर होणाऱ्या वापराच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा करारानं सोडून देता येत नाही. कायद्याच्या व्याख्येत मालिकेचं चित्रीकरणही "चित्रपट"च. पण हा वाटा गोळा करण्याची घडी गीतकार-संगीतकारांइतकी बसलेली नाही, तेव्हा तो महिन्याच्या हिशेबात धरू नका. शिवाय आपल्याकडच्या कित्येक मालिका दुसऱ्या भाषेवरून घेतलेल्या असतात. "आई कुठे काय करते" बंगालीवरून आली होती. तिथे कथा तुमची नसते, हक्क फक्त तुमच्या संवादांवर. मूळ कथा तुमची असेल तर तिचा करार वेगळा करा, संवादांच्या करारात मिसळू देऊ नका.

माहीमकर

दोन लेखकांची वाट मला मान्य आहे, तिथे नोकरी सुटत नाही. थेट राजीनाम्याला माझा विरोध कायम. आणि कुणी सही करणारच असेल तर निदान एवढ्या ओळी करारात मागा:

मानधन "लिहून सुपूर्द केलेल्या" एपिसोडमागे, प्रसारित झालेल्या नव्हे. दोन ड्राफ्टपर्यंत बदल मानधनात, त्यापुढे किंवा ट्रॅक बदलल्यानं रद्द झालेल्या एपिसोडला निम्मं मानधन. एक तासाचा महाएपिसोड म्हणजे दोन एपिसोड. काम थांबवायचं असेल तर दोन्ही बाजूंनी पंधरा दिवसांची लेखी सूचना, आणि तोवर लिहिलेल्याचे पूर्ण पैसे.

तळटीप

पहिल्या मालिकेत चारही मिळणार नाहीत. महाएपिसोडचं कलम सहसा वादाशिवाय मिळतं, त्यापासून सुरुवात करा. निम्म्या मानधनाच्या कलमावर निर्माता अडेल. तिथे "आठवड्याला तीनपेक्षा जास्त एपिसोड रद्द झाल्यास" एवढी अट घालून बघा. ती मान्य होण्याची शक्यता जास्त, आणि जमाखर्च यांनी वर सांगितलेला सहा एपिसोडांचा आठवडा तिच्यात बसतो.