१९७२ ची एमजीबी रोडस्टर घ्यायचीय, विकणारा 'बॉडी-ऑफ रिस्टोरेशन' म्हणतोय, काय काय बघू?

हिरवा_बॉनेट
नमस्कार मंडळी, इथे यूकेत येऊन सात वर्षं झाली, पहिल्याच उन्हाळ्यात टप खाली केलेली एक एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) शेजारून गेली होती तेव्हापासून डोक्यात बसलंय की एक दिवस घ्यायचीच. आता एक जाहिरात सापडलीये, १९७२ ची रोडस्टर (उघड्या टपाची), क्रोम बंपर, गडद हिरवा रंग, वायर व्हील्स (तारांच्या आऱ्यांची चाकं), ओव्हरड्राइव्ह (वेगात आरपीएम कमी ठेवणारा जादा गिअर), फोटो बघून जीवच जडला. विकणारा लिहितो की चार वर्षांपूर्वी पूर्ण बॉडी-ऑफ रिस्टोरेशन झालंय. एमओटी (इथली वार्षिक वाहन तपासणी) नाहीये, म्हणतो ४० वर्षांवरच्या गाडीला लागत नाही, हे खरं आहे का? मी आजवर फक्त नव्या गाड्या वापरल्यात. शनिवारी बघायला जातोय, कुठे हात घालू, काय विचारू, जाणकारांनी प्लीज सांगा.

तेलकट_हात
पहिली गोष्ट, बॉडी-ऑफ हा शब्द एमजीबीला लागूच होत नाही. तिच्या आधीची एमजीए, तिला वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) होती, बॉडी उचलून बाजूला ठेवता यायची. १९६२ ला एमजीबी आली ती मोनोकॉक, म्हणजे पत्र्याची बॉडी हीच चॅसी, मग कशावरून काय उचललं? माणूस खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, बरेच जण ऐकलेला शब्द जाहिरातीत टाकतात, पण नेमकं काय कापलं आणि काय नवीन लावलं हे त्याला तोंडी सांगायला लावा.

आणि सगळा जीव सिलमध्ये, म्हणजे दाराखालून पुढून मागे जाणाऱ्या पत्र्याच्या पेटीत आहे. रोडस्टरला वर छप्पर नाही, त्यामुळे गाडीचा ताठपणा मुख्यतः दोन बाजूंचे सिल आणि मधला टनेल (तळाचा उंचवटा) यांच्यावर असतो. बाहेरून दिसते ती नुसती एक पट्टी, आत अजून पत्र्याचे थर आहेत आणि तो सिल पुढच्या विंगच्या (मडगार्डच्या) आतपर्यंत जातो, मागेही तसंच. नीट बदलायचा म्हणजे पुढची विंग काढायची, मागच्या विंगचा खालचा भाग कापून परत जोडायचा. एवढा व्याप नको म्हणून लोक गंजलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवतात, पुट्टी, रंग, झालं, वरून आरशासारखं आणि आत गंज चालूच.

माझी पहिली एमजीबी तशीच निघाली. रंग इतका सुंदर होता की मी खाली वाकूनसुद्धा बघितलं नाही. घरी आणून मागच्या बाजूला जॅक लावला, जरा उचलली आणि दार उघडायला गेलो तर ते वरच्या कोपऱ्यात घासायला लागलं, खाली उतरवली की परत व्यवस्थित. म्हणजे गाडी मधोमध वाकत होती. सिल कापल्यावर आतून तांबडी भुकटी ओंजळ भरून निघाली, तो अख्खा हिवाळा वेल्डिंगमध्ये गेला.

म्हणून शनिवारी जॅक लावायची परवानगी मागा, आधी दाराच्या फटीत बोट फिरवून ती वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघा, मग मागून उचलून परत बघा. पुढच्या विंगचा खालचा भाग सिलला मिळतो तिथे सांध्याची रेघ दिसायला हवी, सगळं एकसंध गुळगुळीत असेल तर पुट्टीची शंका घ्या. चुंबक न्या, पुट्टीवर तो चिकटत नाही, पण मऊ कापडात गुंडाळून म्हणजे ओरखडा नको. सीटमागचं झाकण काढून बॅटरीचे कप्पे बघा, त्या काळी ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे असायच्या आणि ते कप्पे हमखास सडतात. पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं, रंग मारण्याआधीचे, उघड्या पत्र्याचे फोटो मागा. ज्याने मनापासून काम केलंय त्याच्याकडे शेकडो असतात आणि तो तुम्हाला कौतुकाने एकेक दाखवेल.

एसयू_जोडी
एमओटीचं खरं आहे, मे २०१८ पासून ४० वर्षांवरच्या गाड्यांना सूट आहे, मात्र गेल्या ३० वर्षांत गाडीत मोठे बदल केलेले नसले तरच. आणि रस्त्यावर चालवण्यालायक ठेवायची जबाबदारी मालकाचीच राहते. पण इच्छा असेल तर टेस्ट करून घेता येते, मी दरवर्षी करतो, तुम्हीही घेण्याआधी करायला सांगा, तो तयार नसेल तर का नाही ते विचारा. नंबर टाकून जुन्या एमओटींचा इतिहास ऑनलाइन बघा, कोणत्या साली गंजाबद्दल शेरा होता ते कळतं, तोच सिल नंतर बदलला का हे बिलांवरून ताडून बघता येईल.

इंजिन फार घाबरण्यासारखं नाही, १७९८ सीसीचं साधं बी-सिरीज, पार्ट सगळे मिळतात. गरम झाल्यावर चालत्या गाडीत ऑइल प्रेशर ५० पीएसआयच्या वर हवं. चौथ्या गिअरमध्ये ओव्हरड्राइव्हचं बटण दाबलं की आरपीएम चटकन खाली आले पाहिजेत. वायर व्हीलसाठी चाक उचला, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढे-मागे हलवा, टकटक झाली की चाक ज्यावर बसतं त्या हबचे दाते झिजलेत. पेट्रोल ई५ सुपर टाका, ई१० (जास्त इथेनॉलचं) नको, जुने रबरी पाइप खराब होतात. इंजिनाचं हेड अनलेडेड (शिसं नसलेल्या) पेट्रोलसाठी केलंय का तेही विचारा.

हिरवा_बॉनेट
दोघांचे मनापासून आभार, खरंच एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. फोटो मागितले, त्याने एकवीस पाठवले, पण सगळे रंगानंतरचे. परत मागितलेत. चॅसी नंबरची प्लेटही पाठवलीये, जीएचएन५ नंतर यूसी आहे, याचा काय अर्थ?

तेलकट_हात
यू म्हणजे अमेरिकेसाठी बनलेली आणि सी म्हणजे १९७२ चं मॉडेल. म्हणजे गाडी ॲबिंग्डनहून (एमजीच्या कारखान्यातून) अमेरिकेला गेली, नंतर परत आली, आणि स्टिअरिंग उजवीकडे असेल तर ते डावीकडून बदललंय. हे जाहिरातीत लिहिलंय का? नसेल तर मला ते खटकतं.

एसयू_जोडी
लिहायला हवं होतं हे मान्य, पण नुसतं त्यावरून गाडी सोडू नका. अमेरिकेतल्या कोरड्या भागातून आली असेल तर पत्रा इथल्या मिठाच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीपेक्षा चांगला निघू शकतो. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं, त्यात बनल्याची तारीख, मूळ रंग, इंजिन नंबर, कुठल्या बाजारात पाठवली ते सगळं येतं. त्याच्याकडे आधीच असेल तर बघून घ्या.

हिरवा_बॉनेट
जाहिरातीत अमेरिकेचा उल्लेख नाहीये. मघाशी फोनवर विचारलं तर म्हणाला हो, माझ्या आधीच्या मालकाने आणली आणि रिस्टोरेशनही त्यानेच केलं, उघड्या पत्र्याचे फोटो त्याच्याकडे असतील, विचारून सांगतो. शनिवारी जाणार आहे पण पैसे घेऊन जाणार नाही.

तेलकट_हात
बरोबर. आणि सकाळीच फोन करून सांगा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा, थंड असलं पाहिजे, चोक ओढून थंड इंजिन कसं उठतं ते तुमच्यासमोर बघायचंय.