शब्दचर्चा : 'अबँडन' केलेली वायुविहीर म्हणजे टाकून दिलेली का?

प्रश्न : अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या जुन्या वायुविहिरींवरचा मजकूर मराठीत आणते आहे. 'प्लगिंग' आणि 'अबँडनमेंट' हे शब्द त्यात जोडीनेच येतात. 'बुजवणे' आणि 'परित्यक्त' चालतील का? आणि खाली वायू शिल्लक असताना विहीर बंद का करतात?

प्रतिसाद : ताई, 'परित्यक्त' नको. 'परित्यक्ता' म्हटलं की नवऱ्याने टाकलेली बाई डोळ्यांसमोर येते. या धंद्यात 'प्लगिंग'च्या जोडीने येतं तेव्हा अबँडन केलेली विहीर म्हणजे नियमाप्रमाणे कायमची बंद केलेली. वायूच्या थराशी सिमेंटचं बूच, गोड्या पाण्याच्या थराखाली दुसरं, जमिनीजवळ आणखी एक. 'बुजवणे'ने दगडमाती लोटून भरलेली विहीर वाटते. मी 'बूच मारून मोडीत काढलेली' म्हणेन.

विहीर बंद करण्याचं कारण दाबाचं आहे. दाब असतो तोवर वायू खालचं पाणीही सोबत वर नेतो. दाब उतरला की वेग मंदावतो, पाणी नळातच साचतं आणि वायूचीच वाट अडवतं. कॉम्प्रेसर लावून काही वर्षं निभतात, पण पुढे विक्रीतून देखभालीचा खर्चही निघत नाही. तशीच उघडी ठेवली तर नळ गंजतो, भोवतीचं सिमेंट तडकतं आणि मिथेन, म्हणजे या वायूचा मुख्य घटक, भूजलात नाहीतर हवेत जातो. वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरतो.

दुसरा प्रतिसाद : खरोखर टाकून दिलेल्या विहिरीला 'बेवारस' म्हणा, कारण तिचा जबाबदार मालकच सापडत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला १८५९ मध्ये एडविन ड्रेकची तेलविहीर लागली, तेव्हापासून त्या राज्यात तेलावायूच्या लाखो विहिरी खोदल्या गेल्या. जुन्या काळी लाकडाचे ओंडके नाहीतर दगड ठोकून त्या बंद करत. दुसऱ्या महायुद्धात पोलादासाठी कित्येकींचे नळही उपसले. अशा विहिरी बंद करायला २०२१ च्या संघीय कायद्याने देशभरासाठी ४.७ अब्ज डॉलर ठेवले. म्हणून हे दोन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नका. मोडीत काढण्याचा खर्च कंपनीचा असतो, बेवारस विहिरीचा भार जनतेच्या पैशावर पडतो. वाचकाला हे कळलंच पाहिजे.

प्रश्नकर्ती : पटलं, दोन्ही शब्द घेते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या वायुक्षेत्रालाही हेच लागू?

पहिला प्रतिसादक : 'मोडीत काढणे' लागू, पण कारण दाब उतरल्याचं नाही. तिथे वायू भरपूर उरला आहे. उपशाने जमीन हादरू लागली, २०१२ मध्ये हाउझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला, घरांना तडे गेले. १ ऑक्टोबर २०२३ला उत्पादन थांबवलं.