मदत हवी आहे: आजेसासूबाईंची पुतळ्यांची माळ किती जुनी असेल?

सासूबाईंनी परवा त्यांच्या सासूबाईंची पुतळ्यांची माळ माझ्या हातात ठेवली. सोळा पुतळ्या, म्हणजे नाण्यासारख्या चकत्या, काळ्या गोफात गाठवलेल्या. आजेसासूबाईंचं लग्न 1938 चं, पण माळ त्यांनाही सासरीच मिळालेली.

चौदा पुतळ्या पातळ, सव्वा-सव्वा ग्रॅमच्या. दोन मात्र जाड, कडीसकट पावणेचार ग्रॅम भरल्या. एका बाजूला काठी धरलेला उभा माणूस आणि समोर गुडघे टेकलेला दुसरा. उलट बाजूला चांदण्यांच्या लंबगोलात एक मूर्ती. घरात सगळे याला राम-सीता म्हणतात! कडेला इंग्रजीसारखी अक्षरं आहेत.

सराफ म्हणाला, "हॉलमार्क नाही, आटवून नवीन करा." लोहचुंबक लावून पाहिला, चिकटत नाही. सोनंच समजायचं का? आणि वय कसं ओळखायचं?

प्रतिसाद:
ताई, आधी आटवणं थांबवा. सोन्याचं हॉलमार्किंग आपल्याकडे 2000 साली सुरू झालं, जुन्या दागिन्यावर ते असणार कुठून? चुंबक तर तांब्या-पितळेलाही चिकटत नाही.

तुम्ही वर्णन केलंय ते व्हेनिसच्या डुकाट नाण्याचं चित्र. काठी नव्हे, निशाण आहे. संत मार्क ते तिथल्या राज्यप्रमुखाला, डोजला, देतोय. हे नाणं 1284 पासून 1797 पर्यंत पाडलं गेलं, वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. व्यापारातून ते इकडे आलं, आपल्या सोनारांनी ठसे उतरवले आणि त्याची पुतळी झाली. तुमच्या चौदा पातळ त्यातल्याच वाटतात, जाड दोन मात्र अस्सल नाणी असू शकतात. नकलांवर अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या असतात, सोनं मात्र उत्तम असू शकतं. म्हणून कस, म्हणजे सोन्याची शुद्धता, पाहून अस्सल नाणं ठरत नाही, अक्षरं वाचा. संताच्या मागे 'एस एम व्हेनेट', गुडघे टेकलेल्याच्या मागे डोजचं नाव. नाव लागलं की काळ लागला. गोफावर जाऊ नका, तो पटवेकऱ्याने, म्हणजे दागिने गाठवणाऱ्याने, कितीदा बदलला असेल.

कस बघायचाच तर कॅरेट मीटरवर, म्हणजे न घासता शुद्धता दाखवणाऱ्या यंत्रावर, कानस लावू देऊ नका. कडीच्या डाकेपासून (कडी जोडलेल्या सांध्यापासून) लांब धरायला सांगा, तिथे कस कमीच येतो.

धागाकर्ती:
भिंगातून पाहिलं. एकीवर 'एल यू डी ओ व्ही' अशी अक्षरं वाटतात, यू की व्ही कळत नाही. दुसरीची डाकेखाली गेलीत.

प्रतिसाद:
व्हीच असणार, तिथे यू असाच कोरत. लुडोव्हिको मानिन, शेवटचा डोज, 1789 ते 1797. एखाद्या नाणेतज्ज्ञाला प्रत्यक्ष दाखवाच.

धागाकर्ती:
दाखवते. सासूबाई म्हणताहेत, तो राम नाही हे आत्याबाईंना सांगू नकोस.