मदत हवी आहे: क्रेडिट कार्डाची थकबाकी पूर्ण भरली, तरी वसुली एजन्सी वेगळी ‘फी’ मागतेय

नमस्कार मंडळी,

वडिलांच्या क्रेडिट कार्डाबाबत सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण सगळं तपशिलातच अडलंय.

वडिलांच्या आजारपणात कार्डाची बिलं लागोपाठ थकली. ते घरी आल्यावर मूळ रक्कम, व्याज, लेट फी, त्यावरचा जीएसटी असं जे काही स्टेटमेंटवर होतं ते बँकेच्या ॲपमधूनच एकरकमी भरलं. पुढच्या स्टेटमेंटवर देय रक्कम शून्य आली. मग कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला, बंद झाल्याचा ईमेलही आला. आमच्या दृष्टीने विषय संपला होता.

आता एका वसुली एजन्सीने व्हॉट्सॲपवर पत्र पाठवलंय. ‘कलेक्शन चार्जेस’ ६,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,०८०, एकूण ७,०८० रुपये तातडीने भरा, नाहीतर कायदेशीर कारवाई. फाईल आमच्याकडे आली होती, आम्ही काम केलंय, तेव्हा फी द्यावीच लागेल, असं त्यांचं म्हणणं. पत्र मोठं करून नीट वाचलं. जीएसटी लावलाय, पण जीएसटी नंबर कुठेच नाही. बँकेचं नाव मजकुरात आहे, पण बँकेचा संदर्भ क्रमांक नाही. खाली शिक्का आहे, सही नाही. आणि पैसे पाठवायला दिलेला यूपीआय आयडी कुणा एका माणसाच्या वैयक्तिक नावाचा आहे.

फोन रात्री नऊनंतर येतात. कार्ड घेताना रेफरन्स म्हणून चुलतभावाचा नंबर दिला होता, त्यालाही फोन करून ‘तुमच्या काकांना समजवा’ म्हणाले. याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय. वडिलांनी आयुष्यात कुणाचे पैसे बुडवले नाहीत. आता ते म्हणतायत, ‘देऊन टाक बाई, सात हजारांसाठी कशाला डोक्याला ताप.’ मला ते मुळीच पटत नाही.

ही फी द्यावी लागते का? नाही दिली तर सिबिल (क्रेडिट स्कोअर) खरंच खराब होईल का? आणि तक्रार करायची तर एजन्सीकडे, बँकेकडे की थेट रिझर्व्ह बँकेकडे? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

*

प्रतिसाद:

ताई, आधी एक गोष्ट: एक रुपयाही पाठवू नका. ‘निम्मे भरा, बाकीचं बघू’ म्हणतील, तेही नाही. फोनवर किंवा मेसेजमध्ये ‘बघतो’, ‘पुढच्या महिन्यात देतो’ असलं काही बोलू-लिहू नका, वडिलांनाही सांगून ठेवा. अशा वाक्याचा अर्थ रक्कम मान्य केली असा लावला जातो.

व्हॉट्सॲपवरचं पत्र, कॉल लॉग, यूपीआय आयडी या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. काही वेळा पाठवलेलं पत्र नंतर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ होतं.

*

प्रतिसाद:

मी बरीच वर्षं एका बँकेच्या वसुली विभागात होतो, म्हणून लिहितो.

उधारीचा व्यवहार तुमचे वडील आणि बँक यांच्यातला. एजन्सी बँकेने नेमलेली, तिचा मेहनताना बँक देते, वसूल झालेल्या रकमेच्या टक्केवारीने किंवा ठरलेल्या दराने. एजन्सीचा तुमच्या वडिलांशी करारच नाही, मग ती स्वतःच्या नावाने बिल कशी काय लावते? हाच मुद्दा धरून ठेवा, बाकीचे त्याच्या मागून येतात.

मात्र एक पाहून घ्या. काही बँकांच्या कार्डाच्या अटींमध्ये वसुलीचा खर्च ग्राहकाकडून घेण्याचं कलम असतं. ते दाखवून एजन्सीवाले दटावतात. तसं कलम असलं तरी शुल्क लावायचं ते बँकेने, स्टेटमेंटवर दाखवून. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट व डेबिट कार्डांबाबतचे निर्देश आहेत. कार्ड देताना स्पष्ट सांगितलेलं नाही आणि ग्राहकाची संमती नाही, असं शुल्क लावता येत नाही, असं त्यात आहे. शुल्कात बदल करायचा तर किमान एक महिना आधी कळवावं लागतं आणि तो मागील तारखेपासून लागू होत नाही. तेव्हा कार्डासोबत मिळालेलं अटींचं आणि शुल्काचं पत्रक काढा आणि त्यात अशी काही रक्कम लिहिली आहे का ते बघा. बहुतेक वेळा नसते.

दुसरं, त्याच निर्देशांनुसार सगळी बाकी चुकती असेल तर कार्ड बंद करण्याचा अर्ज बँकेने सात कामाच्या दिवसांत मार्गी लावायचा असतो. म्हणजे बंद झाल्याचा तुमच्याकडचा ईमेल हा बाकी शून्य असल्याचा चांगला पुरावा आहे. तो जपा, प्रिंट काढून ठेवा.

वैयक्तिक यूपीआय आयडीबद्दल: बँकेच्या थकबाकीचे पैसे माणसाच्या खात्यात कधीच जात नाहीत. एजन्सीच्या एखाद्या माणसाने जुनी यादी वापरून स्वतःच हा उद्योग केला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. ही माहिती बँकेला हवीच असेल.

*

प्रतिसाद:

१८ ऑगस्ट २०२३ चं रिझर्व्ह बँकेचं दंडात्मक शुल्काबाबतचं परिपत्रक आहे ना, त्यात दंडावर व्याज लावायचं नाही वगैरे? तेच जोडा तक्रारीला.

*

प्रतिसाद (वसुली विभागवाला):

ते नको. ते परिपत्रक क्रेडिट कार्डांना लागू नाही, तसं त्यातच म्हटलंय. चुकीचा नियम जोडला की बँकेला उत्तरात तेवढ्याच एका मुद्द्यावर बोट ठेवायला आयतं कारण मिळतं. कार्डांचे निर्देश आणि वसुली एजंटांबाबतचे रिझर्व्ह बँकेचे नियम एवढं पुरे. एजंटांबाबतच्या नियमांनुसार सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. धमकावणं, चारचौघांत अपमान करणं, कुटुंबीय, मित्र किंवा रेफरन्स दिलेल्या माणसांना त्रास देणं, यालाही मनाई आहे. आणि एजंटाच्या वागण्याची जबाबदारी बँकेची. तुमच्या चुलतभावाला आलेला फोन नेमका यात बसतो.

*

धागाकर्ती:

खूप आभार. पत्रक सापडलं. लेट फी, कॅश काढण्याचं शुल्क, चेक परत गेल्याचं शुल्क असं सगळं आहे, कलेक्शन चार्जेसची ओळच नाही. तक्रार कुणाच्या नावाने आणि कशी लिहायची? वडिलांना ईमेल वगैरे जमत नाही, मी लिहिली तर चालेल?

*

प्रतिसाद:

मीही अशीच तक्रार केली होती, कर्ज वेगळं होतं पण प्रकार हाच. बँकेला वडिलांच्या नोंदवलेल्या ईमेलवरूनच पाठवा, नाहीतर ‘ग्राहकाची ओळख पटत नाही’ म्हणून परत येतं. मजकूर साधारण असा ठेवा:

‘माझ्या कार्डाची (शेवटचे चार अंक अमुक) संपूर्ण थकबाकी अमुक तारखेला भरली असून त्यानंतरच्या स्टेटमेंटवर देय रक्कम शून्य आहे. कार्ड बंद झाल्याचा आपला ईमेल सोबत जोडला आहे. असे असताना आपल्या बँकेचे नाव सांगणाऱ्या एका एजन्सीने ७,०८० रुपयांची मागणी केली आहे. ही रक्कम मला मान्य नाही. कृपया लेखी कळवावे: ही एजन्सी आपण नेमलेली आहे का, ही रक्कम आपण आकारली आहे का, आकारली असल्यास कोणत्या अटीनुसार आणि कोणत्या तारखेच्या स्टेटमेंटमध्ये. आकारली नसल्यास मागणी मागे घ्यायला लावून थकबाकी नसल्याचे प्रमाणपत्र द्यावे. मला व माझ्या नातेवाइकांना येणारे फोन त्वरित थांबवावेत.’

राग कितीही येवो, तक्रारीत तो नको. तारखा, वेळा, नंबर एवढंच. रात्रीच्या फोनची वेळ स्क्रीनशॉटसकट द्या. तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय तक्रार नोंदली गेली असं समजू नका. ग्राहक सेवेकडून थातुरमातुर उत्तर आलं तर नोडल अधिकाऱ्याकडे (तक्रारींसाठी बँकेने नेमलेला वरचा अधिकारी), मग प्रिन्सिपल नोडल अधिकाऱ्याकडे. नावं आणि ईमेल बँकेच्या वेबसाइटवर असतात. बिल चुकीचं असल्याच्या तक्रारीवर बँकेने ३० दिवसांत कागदपत्रांसह खुलासा द्यायचा असतो.

एजन्सीला एकच ओळ पाठवा: ‘रक्कम अमान्य आहे, बँकेकडे लेखी तक्रार केली आहे, बँकेने आपल्याला दिलेलं अधिकारपत्र पाठवा.’ त्यापुढे वाद घालू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार एजंटाकडे बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र असावंच लागतं. घरी कुणी आलं तर दारातच ते मागा.

*

प्रतिसाद:

वरच्यात थोडी भर. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. रिझर्व्ह बँकेच्या cms या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन तक्रार होते, पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. वडिलांनी लेखी अधिकार दिला तर तुम्ही प्रतिनिधी म्हणून तक्रार करू शकता. तक्रार मात्र बँकेविरुद्ध करायची, एजन्सीविरुद्ध नाही. आणि आधी बँकेकडे न जाता थेट तिथे गेलात तर तक्रार परत येईल.

‘कायदेशीर कारवाई’च्या पत्राने वडिलांना घाबरू देऊ नका. पुढे लोकअदालतीची नोटीस पाठवतील, अगदी कोर्टाच्या समन्ससारखी दिसणारी. लोकअदालतीत तडजोड दोघांच्या संमतीनेच होते, तिथे कुणी जबरदस्तीने पैसे भरायला लावू शकत नाही. न्यायालयाकडून खरंच काही आलं तर मात्र दुर्लक्ष करू नका, लगेच वकिलाला दाखवा. उघड धमकी आली तर पोलिसांत लेखी तक्रार द्या.

*

धागाकर्ती (अपडेट):

बँकेचं उत्तर आलं. ‘सदर खात्यावर कोणतीही रक्कम देय नाही. असे कोणतेही शुल्क बँकेने आकारलेले नाही. संबंधित एजन्सीला संपर्क न करण्याची सूचना दिली आहे.’ प्रमाणपत्रही जोडलंय. नोडल अधिकाऱ्याला लिहिल्यावरच हललं, ग्राहक सेवेने नुसतं ‘आपल्या सहनशीलतेबद्दल आभार’ पाठवलं होतं. फोन थांबलेत. वडिलांना उत्तर वाचून दाखवलं, आता ते स्वतःच चुलतभावाला फोन करून सांगतायत.

पण एक राहिलंच. त्यांचा क्रेडिट रिपोर्ट काढला, तर त्यात हे खातं अजून थकीत दिसतंय. हे एजन्सीने केलं का?

*

प्रतिसाद (वसुली विभागवाला):

छान झालं. नाही, वसुली एजन्सीला रिपोर्टमध्ये काही लिहिता येत नाही, माहिती बँकच पाठवते. शेवटची माहिती गेल्यानंतरचा बदल अजून पोचला नसेल. ज्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये चूक आहे तिच्या वेबसाइटवर वाद (‘डिस्प्युट’) नोंदवा, बँकेचं उत्तर जोडा आणि बँकेलाही त्याच दिवशी कळवा. ३० दिवसांत दुरुस्ती व्हायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, २०२४ च्या एप्रिलपासून हा नियम आहे. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो, म्हणजे सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क. चारही तपासा, एकात दुरुस्त झालं म्हणजे बाकीच्यांत झालं असं नसतं.

*

धागाकर्ती:

एकच काढला होता. उरलेले तीन आज काढते आणि जिथे चूक दिसेल तिथे वाद नोंदवते. बँकेच्या उत्तरातला नेमका मजकूर इथे मुद्दाम दिलाय, कुणाला तशीच मागणी आली तर बँकेकडून काय लिहून घ्यायचं ते कळेल.