सेरोटोनिनची थिअरी पडली म्हणून गोळ्या बंद करायच्या?

मुठेकाठची:
काल ‘पर्वतीकर’ यांनी इथे जे लिहिलं त्याला चार ओळींत उत्तर देता येत नाही म्हणून वेगळा धागा काढतेय. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी, त्यांचं म्हणणं असं की २०२२ साली लंडनच्या संशोधकांनी एका शोधनिबंधात ‘मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी झालं की डिप्रेशन येतं’ हे खोटं ठरवलं, म्हणजे डिप्रेशन हे औषध कंपन्यांनी काढलेलं खूळ, मानसिक आजारांवरचं सगळं संशोधन विकलेलं, तेव्हा गोळ्या फेका आणि रोज पहाटे पर्वती चढा. खाली ‘अगदी बरोबर काका’ म्हणणाऱ्यांची रांग लागली होती.

पर्वती चढा, जरूर चढा, व्यायामाने फायदा होतो याबद्दल माझा वादच नाही. पण तो शोधनिबंध, तो पेपर काय म्हणतो ते तरी नीट सांगा ना. जोआना मॉनक्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला आणि म्हटलं की डिप्रेशन असलेल्यांमध्ये सेरोटोनिन कमी असतं याचा ठाम पुरावा दिसत नाही. औषधाने माणसाला बरं वाटतं की नाही हे त्या आढाव्यात तपासलेलंच नव्हतं. उद्यापासून गोळ्या एकदम बंद करा असंही त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.

माझा भाऊ बायपोलरसाठी, म्हणजे मन कधी फार चढतं तर कधी फार पडतं त्या आजारासाठी, लिथियम घेतो. जॉन केड यांनी ऑस्ट्रेलियात १९४९ साली मॅनियावरचा, म्हणजे त्यातल्या चढत्या अवस्थेवरचा, त्याचा उपयोग छापला. ते मेंदूत नेमकं काय करतं याचं पूर्ण उत्तर आजही कुणाकडे नाही, आणि अंगात लिथियम कमी पडलं म्हणून आजार होतो असं तर कुणी म्हटलेलंच नाही. साधा क्षार आहे तो, पेटंट नाही, कंपन्यांना त्यात फार काही मिळत नाही, तरी इतकी वर्षं टिकलंय कारण त्याने माणसं सावरतात. भावाला पालखीबरोबर पुण्याहून सासवडला चालत जायचं असतं. दिवे घाटात घाम गेला, पाणी कमी पडलं की लिथियमची रक्तातली पातळी चढते, पाय दुखले म्हणून आयब्युप्रोफेन घेतली तर आणखी चढते आणि मग विषबाधेपर्यंत जाऊ शकतं. हे त्याला माहीत आहे कारण कुणीतरी रक्त तपासलं, आकडे लिहून ठेवले, दुसऱ्या कुणीतरी ते परत तपासून पाहिले. ‘सगळं संशोधन विकलेलं’ म्हणालात की हेसुद्धा त्याच कचऱ्यात गेलं आणि घाटात माझा भाऊ पडला तर तिथे तुम्ही नसणार.

शंका घ्या हो, पण शंका घेणाऱ्या पोस्टवरही घ्या.

पर्वतीकर:
ताई, तुमच्या भावाबद्दल मी काही बोललो नाही. माझं वय ७० च्या पुढे आहे, बायकोच्या आजारपणात डॉक्टरांच्या बाहेर बाकड्यावर बसून आयुष्याची बरीच दुपार गेली. आम्ही नंबर लावून ताटकळत बसायचो आणि बॅग घेतलेला एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, थेट आत जायचा, हसत बाहेर यायचा, मग आमच्या चिठ्ठीवर नवीन ब्रँड. विचारलं तर ‘तुम्हाला कळणार नाही’. ज्याने मला कधी काही सांगितलं नाही त्याच्यावर मी विश्वास का ठेवायचा, एवढंच माझं म्हणणं आहे. पेपर मी पूर्ण वाचलेला नाही हे मान्य, पण तुमच्या डॉक्टरांनी तरी वाचला होता का?

हिंजवडी_रिटर्न:
काकांनी ‘गोळ्या फेका’ लिहायला नको होतं, पण मुठेकाठची, तुम्ही काकांना धरलंत आणि मूळ दुखणं सोडून दिलंत. अविश्वास आकाशातून पडलेला नाही. २००८ साली न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात टर्नर आणि इतरांचा पेपर आला, त्यांनी अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएकडे नोंदलेल्या १२ अँटीडिप्रेसंटच्या, म्हणजे डिप्रेशनवरच्या औषधांच्या, ७४ ट्रायल्स (चाचण्या) काढल्या. ज्या ३८ मध्ये औषध चाललं त्यातल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत आणि ११ अशा छापल्या की वाचणाऱ्याला वाटावं औषध चाललं. म्हणजे डॉक्टरांनी इमानदारीने सगळं वाचलं असतं तरी त्यांना ९४ टक्के ट्रायल्स यशस्वी दिसल्या असत्या, खरा आकडा होता ५१. आणि स्टडी ३२९, किशोरवयीन मुलांना पॅरोक्सेटीन हे अँटीडिप्रेसंट, २००१ ला पेपर म्हणतो सुरक्षित आणि गुणकारी, २०१५ ला बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तोच डेटा दुसऱ्यांनी उघडून पाहिला तर गुणकारीही नाही आणि सुरक्षितही नाही. मधली चौदा वर्षं ज्या घरांनी तो पेपर खरा धरून मुलांना गोळ्या दिल्या त्यांनी काय करायचं?

माझं सांगतो. हिंजवडीत रात्रीच्या शिफ्टमध्ये असताना अँटीडिप्रेसंटची गोळी सुरू केली, फायदा झाला, खोटं बोलणार नाही, मी उठून कामाला जायला लागलो. पण काही वर्षांनी बंद करायला गेलो तर डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, मान वळवली की चक्कर, रात्री घामाने उशी ओली, विनाकारण रडू. डॉक्टर म्हणाले जुना आजार परत येतोय, आयुष्यभर घ्यावी लागेल. अहो करंट बसणं हा माझा जुना आजार कधी होता? मला वर्षभर वाटत राहिलं की मीच बिघडलेला आहे. २०१९ ला ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सने आपली भूमिका बदलली आणि मान्य केलं की गोळी सोडताना काहींना तीव्र आणि लांबणारा त्रास होतो. पेशंट हे कित्येक वर्षं ओरडून सांगत होते. ही माफी मला कोण देणार?

रात्रपाळी_रेसिडेंट:
मानसोपचारात (सायकियाट्री) रेसिडेन्सी करतोय, म्हणजे शिकाऊ डॉक्टर आहे, कुठे ते सांगणार नाही. टर्नरचा पेपर आम्हाला जर्नल क्लबला, म्हणजे डॉक्टर मिळून पेपर वाचतात तिथे, असतो, लपवलेला नाहीये. पण त्याच्या पुढचंही वाचा ना. २०१८ ला लॅन्सेटमध्ये सिप्रियानी आणि इतरांनी न छापलेल्या ट्रायल्स शोधून शोधून घातल्या, ५२२ ट्रायल्स, २१ औषधं, एक लाख सोळा हजारांवर माणसं, आणि २१ ची २१ प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, सरस निघाली. फरक सरासरीने माफक आहे, हो. बहुतेक ट्रायल्स आठेक आठवड्यांच्या, हेही हो. म्हणून मी तुम्हाला पाच वर्षं घ्या असं त्या पेपरच्या जिवावर सांगू शकत नाही. पण ओपीडीत समोर बसलेली बाई जेवत नाही, बोलत नाही, बाळाला जवळ घेत नाही, तिला मी काय सांगू, पर्वती चढ? हिंजवडी, तुमच्या डॉक्टरांनी झटक्यांना जुना आजार म्हटलं ते मला पटत नाही, पण एका ओपीडीत शंभर पेशंट बघणाऱ्या माणसाकडून अर्ध्या तासाच्या गप्पांची अपेक्षा कुठून आणायची ते पण सांगा.

हिंजवडी_रिटर्न:
मी सरकारी ओपीडीत गेलो नव्हतो. पैसे मोजून गेलो होतो.

आकडेमोड:
सगळे औषधांवर भांडताय, माझा राग सर्व्हेंवर आहे. दर ऑक्टोबरला बातमी येते, ‘दर सहावा कर्मचारी डिप्रेशनमध्ये’. खोलात गेलं की कळतं कंपनीच्या वेलनेसवाल्यांनी डिप्रेशनची नऊ प्रश्नांची प्रश्नावली पीएचक्यू-९ मेलवर पाठवली आणि १० किंवा जास्त गुण आले त्यांना डिप्रेस्ड म्हटलं. ती चाळणी आहे, निदान नव्हे. मूळ २००१ च्या अभ्यासात १० च्या कटऑफला सेन्सिटिव्हिटी (खऱ्या आजाऱ्यांपैकी किती पकडले) ८८ टक्के, स्पेसिफिसिटी (निरोग्यांपैकी किती बरोबर सोडले) ८८ टक्के. समजा १००० लोकांत ५० जणांना खरंच आजार आहे, चाळणी त्यातले ४४ पकडते, पण उरलेल्या ९५० पैकी ११४ निरोगी लोकांनाही पकडते. झाले १५८, म्हणजे ‘दर सहावा’. आणि हो, ती प्रश्नावली फायझरच्या अनुदानातून बनली, म्हणून ती वाईट ठरत नाही, पण वाचणाऱ्याला हे माहीत असलेलं बरं.

उलट बाजूचंही तेवढंच खरं आहे. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत घरोघरी जाऊन मुलाखती घेतल्या, प्रौढांत १०.६ टक्क्यांना मानसिक आजार आणि बहुतेक आजारांत ७० टक्क्यांहून जास्त लोक उपचाराविना. हा आकडा मी मानतो. पण त्यात १२ राज्यं होती आणि महाराष्ट्र नव्हता, तेव्हा त्यावरून ‘पुण्यात अमुक लाख’ असं जे छापतात त्यांनी आधी ते सांगावं.

कोथरूडची_सुमन:
तुम्ही सगळे शिकलेले आहात, पेपर वाचता. माझ्या दिरांना स्किझोफ्रेनिया आहे, भास-भ्रम होतात. ते म्हणतात मला काही झालेलंच नाही. शेजाऱ्यांनी विष घातलं म्हणून त्यांनी नळाचं पाणी सोडलं होतं. मी वरणातून गोळी देते, कुटून. मग माणूस माणसात येतो, अंघोळ करतो, पुतण्याशी बुद्धिबळ खेळतो. आमच्याकडे विश्वास-अविश्वास हा प्रश्नच नाही, आमच्याकडे उद्या सकाळचा प्रश्न आहे.

अनिकेत_बी:
सुमनताई, राग मानू नका पण मी त्या वरणाच्या दुसऱ्या बाजूचा आहे. माझ्या आईने मला दुधातून द्यायला सुरुवात केली होती. मला दिवसभर झोप, जीभ जड, वजन वाढलं, आणि मला कळेना का. मला वाटायचं घरात कुणीतरी मला काहीतरी देतंय, आणि त्याला सगळे माझा भ्रम म्हणायचे, आणि ते खरं होतं!! ज्या दिवशी ओट्यावर स्ट्रिप सापडली त्या दिवसापासून मी बाहेरचं खाऊन राहिलो. आज मी स्वतःच्या हाताने गोळी घेतो, आजार आहे हे मान्य करतो, पण आईच्या हातचं दूध अजून पीत नाही.

कोथरूडची_सुमन:
मग तुमच्या आईने काय करायला हवं होतं? तुम्ही ऐकत होतात का? आम्हाला हौस आहे का कुटायची? ॲडमिट करायला गेलं की ‘नातेवाइकांनी टाकून दिलं’, घरी ठेवलं की ‘फसवलं’. रात्री दोनला दार वाजवणारा माणूस आमच्या घरात असतो, तुमच्या पेपरात नाही.

अनिकेत_बी:
सांगायचं होतं. एकदा तरी. मी चिडलो असतो, ताट फेकलं असतं, पण मला कळलं असतं की माझं डोकं मला फसवत नाहीये. आणि ताई, झोप-वजनाच्या तक्रारी मी डॉक्टरांना सांगणार कशा, मला गोळीच माहीत नाही तर? त्या डॉक्टरांनी मला न बघता आईला चिठ्ठी दिली होती, हे तुम्हाला ठीक वाटतं?

मुठेकाठची:
न बघता चिठ्ठी देणं चूकच आहे, त्यात दोन मतं नाहीत. पण धागा संशोधनावरच्या विश्वासाचा होता.

अनिकेत_बी:
तोच आहे हा धागा. कंपनीने २२ ट्रायल्स तुमच्यापासून लपवल्या, माझ्या घरच्यांनी गोळी माझ्यापासून लपवली, आणि दोघेही म्हणतात तुझ्या भल्यासाठी.

मुठेकाठची:
आई आणि कंपनी एका ओळीत बसवू नका. मी लिथियमचा डबा भावासमोर उघडते म्हणून हे मला बोलायला सोपं जातंय, तेवढं मान्य. त्याहून जास्त नाही.

रात्रपाळी_रेसिडेंट:
सुमनताई, तुम्हाला दोष देत नाही, अशी घरं मी रोज बघतो. पण माणूस बरा असतानाचा काळ वाया घालवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अग्रिम निर्देशाची सोय आहे, म्हणजे पुढे आजार बळावला तर कोणते उपचार चालतील, कोणते नकोत हे माणूस आधीच लिहून ठेवू शकतो, आणि आपल्या वतीने कोण बोलेल ते नावही देऊ शकतो. दीर बुद्धिबळ खेळतात त्या दिवसांत बसून बोला. महिन्यातून एकदा घ्यायची लाँग ॲक्टिंग इंजेक्शनंही असतात, काही जण रोजच्या गोळीपेक्षा ती पसंत करतात. पण विचारून.

कोथरूडची_सुमन:
कायदा लिहिणाऱ्यांनी एक रात्र आमच्याकडे राहायला हवं होतं. विचारून बघेन. वरण मात्र आज बंद करणार नाही.

पर्वतीकर:
हे सगळं वाचून ‘गोळ्या फेका’ एवढे दोन शब्द माझ्या पोस्टमधून काढतोय. बाकी पोस्ट तशीच राहील, एमआरचा मुद्दा कुणीच खोडला नाही.

हिंजवडी_रिटर्न:
रेसिडेंट, वाद बाजूला ठेवून विचारतो. शेवटच्या पाच मिलिग्रॅमवर अडकलोय. वीसवरून दहावर त्रास झाला नाही, पाचवरून शून्यावर गेलो की झटके. असं का?

रात्रपाळी_रेसिडेंट:
डोस इथे सांगणार नाही, पण कारण सांगतो. कमी डोसला औषधाचा परिणाम सरळ रेषेत उतरत नाही, खाली खाली एकदम घसरतो. २०१९ ला लॅन्सेट सायकियाट्रीत हॉरोविट्झ आणि टेलर यांनी हेच मांडलं, म्हणून शेवटचे मिलिग्रॅम सगळ्यात हळू, छोट्या छोट्या टप्प्यांनी कमी करायचे. हॉरोविट्झ स्वतः त्या त्रासातून गेलेले डॉक्टर आहेत. डॉक्टरांकडे हा पेपर घेऊन जा, आणि ‘जुना आजार’ म्हणाले तर दुसरा डॉक्टर शोधा.

हिंजवडी_रिटर्न:
म्हणजे पेशंटचं म्हणणं खरं मानायला डॉक्टरलाच आधी आजारी पडावं लागलं. पेपर छापून घेतो, शनिवारची वेळ आहे.