औषध दुकानांचे शेअर घ्यावेत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी मुलुंडला राहतो. आमच्या सोसायटीत आता पोरांपेक्षा आजी-आजोबा जास्त, आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी कायम गर्दी. आईचं औषधांचं बिल किराण्याला गाठायला आलंय. त्यावरून वाटलं, या धंद्यातच थोडे पैसे टाकावेत.

पण निव्वळ औषध दुकानांची म्हणावी अशी मोठी लिस्टेड कंपनी मला मेडप्लसच दिसते, डिसेंबर 2021 मध्ये बाजारात आलेली. अपोलोने फार्मसी वेगळी लिस्ट करायचं 2025 मध्ये जाहीर केलं. त्याआधी दुकानं हवीत तर हॉस्पिटलांसकट घ्या, असाच मामला.

खरी भीती मार्जिनची. किंमत-नियंत्रणातल्या औषधांवर दुकानदाराचं मार्जिन 16 टक्के धरलेलं, आणि त्यातूनही आपण सूट मागतो (मीही मागतो!). वर जनऔषधी केंद्रं आणि घरपोच देणारी अ‍ॅप्स. अमेरिकेत म्हातारे काय कमी आहेत? तरी तिथल्या राइट एड या औषध दुकानांच्या साखळीने ऑक्टोबर 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केलाच. कर्ज आणि खटले होते म्हणा, पण गिऱ्हाईक वाढलं की नफा वाढतो हे गणित तिथे का नाही जुळलं?

नवीन दुकान किती महिन्यांत स्वतःचा खर्च काढतं, स्वतःच्या ब्रँडच्या औषधांचा विक्रीत वाटा किती, हे वार्षिक अहवालात नेमकं कुठे शोधायचं? कोणी केमिस्ट असाल तर मुंबईतलं भाडं देऊन हातात काय उरतं तेही सांगा. पाच वर्षं हात लावणार नाही. टिप नकोय, समजून घ्यायचंय.